भूलताई

“या बाळाला तुमची गरजच नाही, भूलताई,” फोटोवाला म्हणाला. “बघा तरी, किती शहाणं आहे. आत्ता जन्मलंय, आणि हूं नाही की चूं नाही.”

त्याने एक्स-रेची प्लेट बाळाच्या पाठीखाली सरकवली. ती थंडगार प्लेट पाठीला लागली की नवजात बाळं दोन्ही हात फेकतात, तोंड वाकडं करतात आणि मग असा सूर लावतात की बाहेर लिफ्टपाशी बसलेली माणसं उठून उभी राहतात. या बाळाने हात फेकले नाहीत. ताईने शिशाचा जड एप्रन अंगावर चढवला होता. सवयीने तिने एक तळवा बाळाच्या डोक्याशी लावला, दुसऱ्या हाताने दोन्ही पाय पोटाशी दुमडले. पाय दुमडले तसे दुमडले आणि सोडले तसे पडले. धरून ठेवायला त्यांत काही नव्हतंच.

“झालं!” मशीन मागे ओढत फोटोवाला म्हणाला. “एका दमात. असली गिऱ्हाईकं रोज मिळाली तर मी गरम चहा पिईन की हो.”

एरवी ताईने त्याला काहीतरी परतवलं असतं. पण ती बाळाच्या मनगटावरच्या पट्टीकडे बघत होती. पट्टीवर बाळाचं नाव नसतं, आईचं असतं. हे नाव तिच्या धाकट्या बहिणीचं होतं.

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ताईची उभी हयात गेली होती. बाळाचा एक्स-रे असो, डोक्याची सोनोग्राफी असो की एमआरआय, ते हललं की फोटो बिघडतो, आणि इवल्याशा बाळाला झोपेचं औषध द्यायचं म्हणजे त्याच्या श्वासाशी खेळ. म्हणून धरायला ताई. एकदा भूल देणारे डॉक्टर सुई भरून आले तर बाळ तिच्या हाताखाली गाढ झोपलेलं. “ही बाई माझी नोकरी खाणार,” ते म्हणाले, “ही कसली नर्स, ही तर भूलताई!” तेव्हापासून तेच नाव पडलं. तिच्याकडे जादूबिदू नव्हती. ती हात आधी कोमट पाण्यात धरायची, बाळाला घट्ट गुंडाळायची, ओठाला आईच्या दुधाचा थेंब लावायची आणि घशातल्या घशात एकच सूर लावायची, मांजर घुरघुरतं तसा. बाळ आधी रागवायचं, मग आश्चर्याने थांबायचं, मग सैल पडायचं. ते सैल पडणं हाताला कळलं की ताईला आतून बरं वाटायचं. तिला आपल्या नावाचा अभिमान होता. कोणी नुसतं ‘सिस्टर’ म्हटलं तर ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

तिचं लग्न राहून गेलं होतं. आई गेली तेव्हा धाकटी पहिलीत होती. तिच्या वेण्या, तिचा अभ्यास, तिचं कॉलेज, तिचं लग्न या सगळ्यात वर्षं कशी सरली ते ताईला कळलंही नाही. धाकटीला लग्नानंतर बरीच वर्षं मूल झालं नाही. आता झालं होतं. आणि ऐन बाळंतपणात वार आधीच सुटली. बाळाला बराच वेळ रक्त पोचलं नाही. घाईघाईने पोट फाडून बाहेर काढलं तेव्हा मुलगी निळी पडली होती. नळीने श्वास दिला. मग श्वास आला, पण रडणं काही आलं नाही.

दुपारी ताई खाली धाकटीच्या खोलीत गेली. धाकटी नुकतीच शुद्धीवर आली होती. तिचा नवरा उशाशी उभा होता. चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारा हा माणूस बोलायला इतका कमी, की लग्नात लोक त्याला मुका समजले होते.

“ताई, रडली का गं?” धाकटीने पहिलं तेच विचारलं. “मला कोणी सांगतच नाहीये. ह्यांना विचारलं तर हे म्हणतात ताईंना विचार.”

ताई खाटेवर टेकली. जिन्यात तिने वाक्यं जुळवून आणली होती. थोडा त्रास झालाय, डॉक्टर बघताहेत, आपण धीर धरायचा. रोज दुसऱ्यांच्या नातेवाइकांना ती हेच सांगायची. पण धाकटीचे ओठ कोरडे पडले होते आणि डोळे पहिलीतल्यासारखे मोठे झाले होते.

“अगं, आत्ताच फोटो काढला तिच्या छातीचा,” ताई म्हणाली. “मीच धरली होती. एवढी गार प्लेट लावली, पण पठ्ठीने टिपूस काढलं नाही.”

“खरंच?”

“खरंच.”

“तुझ्या हातात काय, सगळीच गप्प बसतात.”

“हो ना,” ताई म्हणाली.

मग बाळाला गार पाण्याच्या गादीवर ठेवलं. मेंदूची सूज वाढू नये म्हणून तीन दिवस अंग थंड ठेवायचं, असं मोठ्या मॅडमनी, म्हणजे तिथल्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. उचलून घ्यायचं नाही, फक्त बोट लावायचं. धाकटीला चाकाच्या खुर्चीत बसवून आणायचे. ती बाळाच्या मुठीत आपलं बोट घालायची. मूठ मिटायची नाही, पण धाकटीच तिची बोटं आपल्या बोटाभोवती गुंडाळून घ्यायची.

“गार आहे गं ही. पण चेहरा बघ किती शांत!” असं म्हणून ती तिथूनच फोन लावायची. सासूला, नणंदेला, शाळेतल्या मैत्रिणीला. “नाही नाही, अजिबात रडत नाही. बाकीची बाळं नुसता गोंधळ घालतात. आमची मावशीवर गेलीय!”

असं सांगताना ती ताईकडे बघून हसायची. ताई सलाइनचा वेग बघत असायची. तीही हसायची.

मोठ्या सिस्टरनी ताईला बाजूला घेतलं. “नात्यातलं बाळ आहे. तू पलीकडच्या रांगेत काम कर. इथे दुसरी कोणीतरी राहील.” ताईने मान डोलवली. पण तपासणी आली की फोटोवाला हाक मारायचा भूलताईलाच, आणि मोठ्या सिस्टर दुसरीकडे बघायच्या. डोक्याची सोनोग्राफी झाली. टाळूवर गार जेल लावून त्यावर यंत्र फिरवलं तरी बाळाच्या कपाळावर आठी पडली नाही.

बाळाला पुन्हा ऊब दिल्यावर मोठ्या मॅडमनी ताईला पॅसेजमध्ये गाठलं. “काय वाटतं गं तुझ्या हाताला?”

“गार गादीवर असताना दिलेल्या झोपेच्या औषधाचा असर असेल, मॅडम.”

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. औषध आदल्या दिवशीच बंद झालंय हे दोघींनाही माहीत होतं. “एमआरआय करू या,” मॅडम म्हणाल्या. “मग बोलू घरच्यांशी.”

एमआरआयच्या खोलीत धातूचं काही चालत नाही. ताईने घड्याळ काढलं, केसांतले आकडे काढले, गळ्यातली साखळी काढली. बाळाच्या कानात कापसाचे बोळे घातले, वरून कानपट्ट्या लावल्या, कापडात घट्ट गुंडाळलं. नाकातली प्राणवायूची बारीक नळी तेवढी वर राहिली. बाळाला बोगद्यात सरकवलं, आणि ताई वाकून, खांद्यापर्यंत हात आत घालून, तळवा त्याच्या छातीवर ठेवून उभी राहिली.

मशीन सुरू झालं की पहिला ठोका पत्र्यावर घण घातल्यासारखा येतो. कितीही झोपलेलं असो, कानात कितीही कापूस असो, त्या ठोक्याला बाळ दचकतंच. ते दचकणं आपल्या हातात घ्यायचं, जिरवायचं आणि सूर लावायचा, हेच तिचं काम. कित्येकदा तिला वाटायचं, तो दचका बाळाच्या अंगातून निघून आपल्या दंडात शिरतो.

पहिला ठोका पडला. ताईने वाट पाहिली. दुसरा पडला, तिसरा पडला. मग ठोक्यांचा भडिमार सुरू झाला. हाताखालची छाती वर जात होती, खाली येत होती, बाकी काही नाही.

ताईने सूर लावलाच नाही. काचेपलीकडे फोटोवाला पडद्यात डोकं घालून बसला होता. तिने दुसरा हात आत सरकवला, कापडाची घडी सोडवली, आणि बाळाच्या मांडीला चिमटा काढला. हल, ती मनात म्हणाली. हल गं बाई. बिघडव फोटो. तो ओरडू दे माझ्यावर. तिने पुन्हा काढला, पीळ देऊन. कुणाच्या लेकराला तिने आयुष्यात असा चिमटा काढला नव्हता. मांडीची चिमूट बोटांत आली, सुटली आणि जागच्या जागी गेली.

मशीन थांबलं. फोटोवाला दार उघडून आत आला तो आनंदानेच. “काय फोटो आलाय, भूलताई! एक रेघ हललेली नाही. असा स्वच्छ फोटो मी नवशिक्यांना दाखवायला ठेवणार. तुमच्या हाताला तोड नाही हो.”

ताईने बाळाची मांडी झाकली. बाहेर चाकाच्या खुर्चीत धाकटी बसली होती, मांडीवर पंपाने काढलेल्या दुधाची बाटली घेऊन.

“रडली का?”

“नाही.”

“एवढ्या आवाजात? बाहेर माझं डोकं उठलं!” धाकटीने वाकून बाळाच्या कपाळाला ओठ लावले. “गुणाची गं माझी ती.”

दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी नवराबायकोला आपल्या खोलीत बसवलं. ताई दारापाशी उभी राहिली. मॅडम चांगल्या बोलत. सावकाश, शब्द न चोरता. मेंदूचा जवळजवळ सगळा भाग गेला आहे. ती बघणार नाही. गिळणार नाही. माणूस ओळखणार नाही. श्वास आत्ता चालू आहे, पण तोही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. थांबला तर मशीन लावायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. “फोटो इतका स्पष्ट आहे की शंकेला जागा नाही,” त्या शेवटी म्हणाल्या.

धाकटी रडली नाही. तिने मॅडमना आभारी आहे म्हटलं. वर आली, बाळाजवळ बसली आणि लंगोट बदलायला घेतला. तेवढं करायची परवानगी तिला मिळाली होती. तेव्हा तिला मांडीवरचा तो काळानिळा डाग दिसला.

“हे काय आहे?” तिने विचारलं. मग एकदम मोठ्याने, “हे काय आहे? कुणी चिमटा काढलाय माझ्या मुलीला?”

सगळ्या नर्सा वळून बघायला लागल्या. ताई पलीकडच्या रांगेतून आली.

“मी,” ती म्हणाली.

“तू?”

“काल. मशीनमध्ये असताना. हलते का बघत होते.”

धाकटीने लंगोटाचे बंद बांधले. नीट बांधले, मग सैल करून पुन्हा बांधले. “म्हणजे तुला काल कळलं.”

ताई लंगोटाच्या बंदांकडे बघत राहिली.

“काल नाही. आधीच कळलं होतं. पहिल्या दिवशीच. हो की नाही?” धाकटीचा आवाज चढला नव्हता. “रोज बाळं धरतेस तू. मेलेल्यासारखं बाळ हातात आल्यावर तुला नाही कळणार? आणि मी जगभर सांगत सुटले, मावशीवर गेलीय. तू इथेच उभी होतीस. हसत होतीस.”

“मला वाटलं, तेवढेच चार दिवस तुला...”

“माझे दिवस मला मोजून देणारी तू कोण?”

“अगं, मी काय परकी आहे का? लहानाची मोठी केलीय मी तुला.”

“ड्युटी केलीस. आमच्या घरात तू ड्युटी केलीस, ताई. आई गेली त्या दिवशी मी रडायला लागले तर मला चादरीत गुंडाळलंस आणि थोपटत बसलीस. गप्प, गप्प, गप्प. सगळे म्हणाले, पोर किती शहाणी. मला रडूसुद्धा दिलं नाहीस तू. तुला गप्प माणसं हवी असतात, बस.”

“तू सात वर्षांची होतीस. घर माणसांनी भरलं होतं, बाबा जमिनीवर पडले होते. मी काय करायला हवं होतं?”

“माहीत नाही. आईला माहीत असतं.” धाकटीने बाळावरचं पांघरूण ओढून घेतलं. “तू आई नाहीस. हिचीही नाहीस, माझीही नव्हतीस. हात नको लावूस हिला.”

तिच्या नवऱ्याने ताईकडे बघितलं, मग चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाने पुसत बसला. काचा स्वच्छच होत्या.

पुढचे दिवस ताई पलीकडच्या रांगेतच राहिली. पाच पावलांवर तिची भाची होती, पण ती तिकडे गेली नाही. नाकातल्या नळीतून दूध कसं घालायचं ते धाकटीला दुसरी नर्स शिकवत होती. ती चुकीचं शिकवत नव्हती, फक्त घाई करत होती. ताईच्या तोंडाशी शब्द यायचे आणि ती ते गिळायची. धाकटीची सासू भेटायला आली तेव्हा पॅसेजमध्ये ताईला म्हणाली, “तुमच्या हाताला एवढा गुण, असं ऐकलं होतं आम्ही. घरच्या लेकरालाच नेमका पुरला नाही.” म्हातारी कुचकटपणाने बोलली नव्हती. तिला खरंच नवल वाटत होतं.

मग एका दुपारी बाळाचा श्वास अडखळायला लागला. थांबायचा, पुन्हा यायचा. मशीन लावायचं नाही असं दोघांनी सही करून सांगितलं होतं. मोठ्या सिस्टरनी कोपऱ्यात पडदा ओढला, खुर्ची ठेवली, आणि धाकटीच्या मांडीवर बाळ दिलं. नळ्या काढल्या. बाळाला पहिल्यांदाच असं पूर्ण घेता आलं होतं. धाकटीला कोपर कुठे ठेवावं ते कळेना.

थोड्या वेळाने पडदा सरकवून तिचा नवरा बाहेर आला. “ताई,” तो म्हणाला, “ती बोलावतेय.”

ताई आत गेली. धाकटीने वर पाहिलं. तिचा चेहरा सुजला होता आणि दुधाने झग्याची छाती भिजली होती.

“रडव तिला,” ती म्हणाली.

“काय?”

“सगळ्यांची गप्प करतेस ना? माझी रडव. एकदाच. मी तिचा आवाज ऐकलाच नाहीये गं.”

ताईने नाही म्हणायला हवं होतं. ती गुडघ्यावर बसली, बाळाचं पाऊल हातात घेतलं. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाच्या तळपायाला टिचकी मारतात, तशी तिने मारली. बाळाचं तोंड किंचित उघडलं आणि तसंच राहिलं.

“अजून.”

तिने अजून मारली.

“जोरात, ताई. एवढ्याने काय होणार?”

तिने जोरात मारली. तळपाय लाल झाला. ताई थांबली नाही. धाकटीही थांब म्हणाली नाही. शेवटी नवऱ्यानेच वाकून बाळाचं पाऊल ताईच्या हातातून सोडवून घेतलं आणि आपल्या मुठीत झाकलं. “पुरे,” तो म्हणाला. “पुरे आता दोघींनी.”

त्याच क्षणी पडद्याबाहेर एक बाळ किंचाळलं. पलीकडच्या रांगेतलं, काल आलेलं, मुलगा होता. खणखणीत, संतापलेला, छातीच्या तळातून आलेला आवाज. फोटोवाल्याने त्याच्या पाठीखाली प्लेट सरकवली असणार.

धाकटीची मान वळली. ती कान देऊन ऐकू लागली, डोळे मिटून. मग तिने बाळाला उचलून गालाशी धरलं, आणि त्या आवाजाबरोबर त्याला हळूहळू हलवू लागली. “हो गं,” ती म्हणाली. “हो गं बाई. कळलं. कळलं मला. रड.”

तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“भूलताई!” बाहेरून मोठ्या सिस्टरांची हाक आली. मग पडद्याच्या फटीतून त्यांचा चेहरा. त्यांनी आतलं सगळं पाहिलं आणि आवाज खाली आणला, पण थांबल्या नाहीत. “ये लवकर. त्या मुलाच्या छातीत हवा साठलीय असं वाटतंय. फोटो हवाय आत्ताच. रडतोय तेवढी ती वाढतेय, निळा पडायला लागलाय. दोघींनी धरून बघितलं, कुणाचं ऐकत नाही.”

ताई उठली. धाकटीने डोळे उघडले. तिने सगळं ऐकलं होतं. ती जा म्हणाली नाही, थांबही म्हणाली नाही. नुसती ताईकडे बघत राहिली, आणि बाळाला हलवत राहिली.

ताई बाहेर आली. कुणीतरी तिच्या खांद्यावर एप्रन टाकला. हात कोमट पाण्यात धरायला वेळ नव्हता, तिने ते काखेत दाबून गरम केले. मुलाचे ओठ जांभळे झाले होते आणि आवाज अजून तेवढाच मोठा होता. तिने एक तळवा त्याच्या डोक्याशी लावला, पाय पोटाशी दुमडले, वाकली, आणि घशातून तो एकच सूर काढला. मुलाने तिला झिडकारलं. त्याच्या अंगात ताकद होती. मग तो अडखळला, एक हुंदका देऊन थांबला, आणि तिच्या हाताखाली सैल पडला.

सगळा वॉर्ड एकदम शांत झाला.

“हां, अस्सं,” फोटोवाला कुजबुजला. बटण दाबलं. “झालं. छान आलाय. सोडा आता.”

डॉक्टर धावत आले, पडद्यावर चित्र बघितलं, सुई मागवली. दोन मिनिटांत त्यांनी मुलाच्या छातीतली हवा काढली. मुलगा गुलाबी झाला. सुई टोचली तेव्हा तेवढं तोंड वाकडं करून तो पुन्हा झोपला. एकेक करून माणसं आपापल्या कामाला गेली, फोटोवाला मशीन ढकलत निघून गेला.

कोपऱ्यातल्या पडद्यामागून कसलाही आवाज येत नव्हता. ताईने तिकडे पाहिलं नाही. एप्रन अंगात तसाच ठेवून ती त्या मुलापाशी उभी राहिली, तो पुन्हा रडेल म्हणून. तो रडला नाही.